काळोख बरा का वणवा बरा

...न्हाय, तुमीच सांगा, सत्तरी उलटलेल्या बाईला इचारायची गोष्ट हाय का ही? गुडघा कसा हाय इचारा, गोळी घेतली का इचारा, डोळ्याला दिसतंय का इचारा... तर न्हाय! वर्सभर सकाळी चहाची बशी तोंडाला लावली की एका नातवाचा फोन, 'आजी, खरं सांग, स्टेजवर बरा कोण, मी का तो?' बशी खाली ठिवली की दुसऱ्याचा, 'आजी, त्याचा फोन आलता ना? काय सांगितलंस त्याला?' आगं बया बया बया! म्या आजी हाय का पंच? आन बरा म्हणावं तर कुणाला म्हणावं?

तुमाला सांगते, उत्कर्ष म्हंजी माझ्या लेकाचा लेक, ह्याच घरात वाढलेला. आन कृष्णराज माझ्या लेकीचा, गायत्रीचा. गायत्री दिलीया तिकडं ईटला, भूमच्या अंगाला, आन आमी हिकडं मुरुमच्या कडंला; जिल्ह्याचं ते एक टोक, हे एक टोक. दोन्ही पोरं सोलापूरला कालेजात गेली आन तिथं दोघांनी मिळून बँड काढला. म्या म्हणलं, बरं झालं, लग्नसराईत वरातीपुढं वाजवतील. तर उत्कर्ष म्हणतो कसा, 'आजी, वरातीचा न्हाय गं, रॉक!' म्हणलं, फरक काय? तर म्हणं, 'वरातीत लोकं नाचत्यात. हितं आमी नाचतो, लोकं बघत्यात.' बरं बाबा, नाचा.

पर त्या रॉकात मधी उभा राहणारा एकच लागतो म्हणं. माइक मधी, माणूस मधी, बाकीचे मागं. आन ही दोघं कोण? लहानपणी एका झोक्यावरनं एकमेकाची बखोटी धरणारी! फुटला बँड. एकानं काढला 'काळोख', दुसऱ्यानं काढला 'वणवा'. नावं तरी बघा, एकात दिसत न्हाय आन दुसऱ्यात कुणी वाचत न्हाय! आन पोरांचं भांडण आयांनी कडंवर घेतलं की वो. गायत्री म्हणली, 'वैनीच्या पोरानं माझ्या पोराला मागं ढकललं, मी त्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाय.' माझी सून सोनाली काय कमी हाय? ती म्हणली, 'नका लावू वन्सं, उंबरा आत्ताच सारवलाय.' झालं! पंचमी गेली, दिवाळी गेली, लेक माहेराला न्हाय. पंचमीला म्या आपला झोका बांधला, तर त्याच्यावर दिवसभर शेजारची मांजर बसली. त्या मांजरीला तरी इचारावं वाटलं, बाई, तुला तरी कळतंय का, बरा म्हणावं तर कुणाला म्हणावं?

मग म्या डोकं लढवलं. माझा लेक बलभीम जत्रेच्या कमिटीत हाय. म्हणलं, 'बलभीमा, ह्या साली आर्केस्ट्रा नको आणू. ही दोन्ही पोरं एका स्टेजवर घाल, एकापाठी एक. मागनं घरी एका पंगतीला बसली की मिटंल.' गायत्रीलाबी फोन लावला. 'पोराला धाडते,' म्हणली, 'मी येणार न्हाय.' बरं, पोरगं तर येऊ दे. पोरामागं आई कधी ना कधी येतीयाच.

आली जत्रेची रात. आता काळोख कसा ते ऐका. आधी सगळ्या लाइटी गेल्या. आमच्याकडं लाइट गेली की लोकं काय करत्यात? उठून घरला निघत्यात! निम्मी माणसं चपला शोधाया लागली. तेवढ्यात धूर. म्या म्हणलं, तार जळाली. धुरातनं आमचा उत्कर्ष आला... आला कसला, पाठ करून उभा राहिला! लोकाकडं पाठ! किती येळ! कोंडाबाई माझ्या शेजारी, ती म्हणती, 'द्वारकाबाई, पोरगं लाजतंय का वो?' मग हळूच वळला. तोंडाला पांढरं, डोळ्याभवती काळं, ओठातनं बीटाचा रस गळतोय, आन अंगावर काळा झगा. त्या झग्याचा काठ म्या बघितला आन वळखला. सोनालीची संक्रांतीची काळी इरकल! कापून! सोनालीनं बी तवाच वळखलं. पर वन्संचं पोरगं बघतंय म्हणून तिनं टाळ्या वाजवल्या.

आन गाणं म्हणावं तर गाणं कुठं! एक बोट वर करायचं, थांबायचं. डोळं वटारायचं, थांबायचं. माइकात कुजबूज करायची, 'याऽऽ... माझ्याजवळ याऽऽ...' कोण येतंय? पुढं बसलेली लेकरं भोकाड पसरून आयांच्या पदरात शिरली. आवो, आमच्या दारात बहुरूपी यायचे, यम होऊन यायचे. पर पसाभर पीठ घेतलं की जायचे तरी! ह्यो जातच न्हाय. दर गाण्याला आत जातो, नवा झगा घालून येतो. म्या घरातल्या कपाटाचाच हिशेब मनात लावत बसले.

तर उतरला काळोख आन चढला वणवा. कृष्णराजाची समदी उलटीच तऱ्हा. उत्कर्षानं जेवढं घातलं तेवढं ह्यानं काढलं! अंगात सदरा न्हाय, पायात वहाण न्हाय, केस कमरंपोत्तर मोकळे. आला तोच पळत. हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं, माइकाची दांडी गरागरा फिरवतोय, खाली लोळतोय, उठतोय, मान अशी घुमवतोय की बघणाऱ्याची मान आवघडावी. आन आवाज? उत्कर्षाचा ऐकायला कान पुढं करावा लागतोय, ह्याचा ऐकून कानात बोटं घालावी लागत्यात. एक उभा राहून भ्या दाखवतो, एक पळून भ्या दाखवतो! तुमीच सांगा, बरा म्हणावं तर कुणाला म्हणावं?

आन दोघांच्या मागं तासे बडवायला माणूस एकच बरं का! आमच्याच गल्लीतला बालाजी. दोघं एकमेकाचं तोंड बघत न्हायती, पर बडवणारा दुसरा मिळत न्हाय, म्हणून अर्धा अर्धा वाटून घेतलाय. काळोखाच्या येळी गरीब बिचारा काळा सदरा घालतो, वणव्याच्या येळी काढून ठिवतो, घाम पुसतो आन बडवतो.

तर कृष्णराज घुमाया लागला, आन कोंडाबाई ताडकन उठून हुभी. 'द्वारकाबाई! पोराच्या अंगात आलं!' म्या म्हणलं, 'आगं न्हाय गं, ते रॉक हाय.' 'कसलं रॉक! मान बघा, केस बघा, कुणी हळद आणा!' तिच्या मागं साऱ्या बाया उठल्या, हात जोडले. कृष्णराजाला वाटलं, लोकं आपल्यावर खूश झाली! त्याला लई चेव आला. शहरात काय करत्यात म्हणं, गाणारा स्टेजवरनं लोकात उडी घेतो आन लोकं हात वर करून झेलत्यात. ह्यानं हात पसरले, डोळं मिटले, घेतली की उडी!

आन आमच्याकडं कसं हाय, अंगात आलेल्याला हात लावत न्हायती. वाट देत्यात. समदा गाव दोन्ही अंगाला सरला, असा भांग पडल्यावानी, हात जोडून, माना खाली घालून... आन मधी मोकळी जमीन. धाडदिशी!

कुणी हलंना. कोंडाबाई तर वरनं हळद टाकतीया आन इचारतीया, 'बोला देवा, का आलात?' देव इव्हळतोय, 'आई गं... पाठ...' म्या उठायला गेले तर गुडघा उठंना. तेवढ्यात स्टेजच्या मागनं काळं काहीतरी धावत आलं. उत्कर्ष! अर्धं तोंड पुसलेलं, अर्धं तसंच. बायांना ढकललं, 'सरका! माझा भाऊ हाय त्यो!' आन परत अंगावर चढवलेली ती इरकल काढून त्याच्या उघड्या अंगावर घातली, पाठीखाली हात घालून उचलला. म्या पदर डोळ्याला लावला. म्हणलं, खंडेराया, झालं माझं काम.

कशाचं झालंय! घरी आणला, पालथा निजवला, सोनालीनं आंबेहळद लावली. मोडलं काही नव्हतं, निस्ता मुका मार. उत्कर्ष उशाला बसलेला. आन ते पालथं पडलेलं पोरगं मान उचलून म्हणतंय काय, 'आजी, पडायच्या आधीपोत्तर... बरा कोण होता?' आन उशाचा म्हणतो, 'व्हय आजी, आज सांगूनच टाक.' माझं टकुरंच सटकलं! वर्सभर तेच, फोनवर तेच, आन हळदीत माखून बी तेच! म्या म्हणलं, 'सांगू? बालाजी! अंगात सदरा घालायचं कळतंय, काढायचं कळतंय, एका जागी बसतो, आपलं काम करतो, कुणाची लुगडी कापत न्हाय आन कुणाच्या अंगावर उडी घेत न्हाय. त्योच बरा!'

दोघं एकमेकाकडं बघाया लागले. वर्सातनं पैल्यांदा.

'बालाजी?' एक म्हणला. 'आजी, त्यो तालात चुकतो!'

'चुकतोच की!' दुसरा. 'तुझ्या तिसऱ्या गाण्यात किती चुकला, मी खालनं ऐकलं ना.'

'तुझ्या बी चुकला रे!'

'मी त्याला लई दिवसापास्नं सांगतोय...'

आन लागली की दोघं एका सुरात! सकाळच्या गाडीनं गायत्री आली, लेकराच्या काळजीनं. उंबऱ्यात क्षणभर थांबली, माझ्याकडं बघितलं, आन आली आत. पोराला चाचपून बघितलं आन मग दोघांनी तिच्यापुढं गाऱ्हाणं मांडलं. तशी ती वळली माझ्याकडं, 'आई, सोत्ताच्या नातवाला सोडून त्या बालाजीला बरा म्हणलीस तू?' आन चुलीम्होरनं सोनाली, 'सांगा की वन्सं, आत्याबाईला तुमीच सांगा. आमचं कोण ऐकतंय हितं?' वन्सं आन वैनी! एका खाटंवर बसून, एका ताटात भाकरी चुरून, माझ्या नावानं बोटं मोडत्यात!

माझ्याशी कुणी बोलत न्हाय बघा. नातू न्हाय, लेक न्हाय, सून न्हाय. म्या आपली कोपऱ्यात बसते. पर झोक्यावर काल गायत्री बसलीती, मांजरीला हुसकून. म्हणलं, न्हाय बोलली तर न्हाय बोलली. बसू दे.

मिटलं म्हणायचं, आन काय! दोघांनी परत एकच बँड काढलाय. मधी कोण उभं राहणार, ते पाळीपाळीनं. म्या म्हणलं, आता तरी सुटले...

तर आज सकाळी चहाची बशी तोंडाला लावतीया, आन दारात बालाजी. तोंडाला पांढरं, डोळ्याभवती काळं, अंगात सदरा न्हाय, आन लाजून म्हणतंय, 'आजी, तुमी बरा म्हणलाव म्हणं मला... तर आता बडवायचं सोडलं म्या. मधी उभा राहू का?'