देवजीचं खापर

भुताची गोष्ट पायजे म्हनता? सांगते. पन मधी हसायचं नाय, आन् गोष्ट संपल्याबिगर कुनी उठायचं नाय. ए सोपान, त्यो ओंडका जरा पुढं सार. शेकोटी माझी हाय, ती विझू द्यायची नाय एवढं काम तुमचं. हां, आता ऐका.

ही गोष्ट आपल्या आसनीच्या खिंडीची. नवशा ठाऊक हाय ना तुमास्नी? माझ्या सुनंचा, चिमाचा, थोरला भाव. खिंडीपलीकडं मोरदऱ्याला ऱ्हातो. शहरातली पोरंपोरी गडावर चढवायचं काम करतो. अंगानं काटकुळा, पन डोकं कायम तापल्यालं. त्याचं त्यालाच ठाऊक नसतं कवा भडकंल.

आषाढ व्हता. पावसानं निसता उच्छाद मांडलेला. जेवनखान उरकून नवशा आडवा झाला आन् फोन वाजला. चिमाचा फोन. "दादा," म्हनली, "पोरगी झालीया. घर गळतंय, चूल विझली. विस्तव कुनी दिना. काडीपेटी कुनी दिना. पोरगी गार पडत चाललीया रं दादा." एवढं बोलली आन् तिचा फोन बंद पडला.

आता विस्तव का दिना? तुमास्नी ठाऊक हाय, पन मी पुन्यांदा सांगनार. ऐकायचं. माझ्या रघूनं, म्हंजी चिमाच्या नवऱ्यानं, उन्हाळ्यात एका परजातीच्या बाईला आपल्या हिरीवर हंडा भरू दिला. कडंवर लेकरू व्हतं तिच्या. झालं, पंच बसलं. माफी माग म्हनलं. रघू म्हनला, तहानलेल्याला पानी दिलं त्याची माफी कसली? मग आमचं घर वाळीत टाकलं. आमच्याशी कुनी बोलायचं नाय, गिरनीत आमचं दळन घ्यायचं नाय, दुकानदारानं काडीपेटी सुदिक विकायची नाय. आन् आमाला जो विस्तव दील त्योबी वाळीत.

त्या रातीला रघू डाक्टरीनबाईला आनायला गेल्याला, त्यो नदीपल्याड अडकला. फरशी पुलावरनं पानी चाललेलं. घरात मी, चिमा आन् ती नखाएवढी पोर. मी फुटकं खापर घिऊन दारोदार फिरले. भिजत फिरले. चार निखारं द्या म्हनले, बाळंतीन गारठलीया. दारं लागली बघा माझ्या तोंडावर. आतनं कड्या घातल्याचा आवाज मी ऐकलाय. अजून ऐकू येतो.

तर नवशा. त्यानं चिमाचा फोन ऐकला आन् त्याचं मस्तकच फिरलं. घोंगडं घेतलं, कोयता घेतला, बॅटरी घेतली. काडीपेटी घेतली, लायटर घेतलं, दोन्ही पिशवीत गुंडाळून खिशात कोंबलं. आन् ती कांडी घेतली. ती कांडी त्याला गडावर आल्याल्या एका पोरीनं दिलेली. बोटाएवढी काळी कांडी आन् दोऱ्याला बांधल्याली पोलादाची पट्टी. शहरातली पोरं तिला फेरो रॉड म्हनत्यात, नवशा म्हनायचा ठिनगीकांडी. पट्टीनं खरवडली का ठिनग्यांचा सडाच पडतो. भिजली तर पुसायची आन् पुन्यांदा खरवडायची. सोबत मूठभर सावरीचा कापूस, प्लास्टिकात बांधून पोटाशी धरल्याला. त्याची बायकू म्हनली, "उजाडू द्या. खिंडीत देवजी हाय." नवशा म्हनला, "देवजीची ऐशीतैशी." आन् निघाला.

त्याच्या वाटंभर शिव्या चाललेल्या. पंचांना शिव्या, दुकानदाराला शिव्या, आपल्या वाडीतल्या एकेका घराला नाव घिऊन शिव्या. खिंडीच्या तोंडाशी आला आन् मागनं हाक आली.

"पाव्हनं, विस्तव हाय का?"

नवशा काय काल जन्मला नव्हता. रानात एका हाकंला ओ द्यायची नाय, आन् अंधारात कुनी मागितलं तर चिमूटभर तमाखूबी द्यायची नाय, विस्तव तर लांबच. ही रीत आपल्याकडं पोरासोरांना ठाऊक हाय. त्यो मुकाट चालत ऱ्हायला. पुन्यांदा हाक. "पाव्हनं, विस्तव द्या की जरा." हातातली बॅटरी गप्पकन विझली.

त्यानं काडीपेटी काढली. प्लास्टिकातनं काढली बरं का, कोरडी ठाक पिशवी. आन् आत काड्यांचा लगदा. वल्लं फडकं पिळावं तसं पानी गळलं तिच्यातनं. लायटर काढलं. ज्योत आली, आन् कानाजवळ कुनीतरी फूऽ केलं. गार फुंकर. विझली. पुन्यांदा पेटवलं, पुन्यांदा फूऽ. मग चाक फिरलं, पन ज्योत काय आली नाय.

नवशा अंधारात चालाय लागला. चालतोय, चालतोय. वाट पायाखालची, डोळं बांधून जाईल अशी. समोर आसनाचं झाड लागलं, फांदी मोडलेली. त्याला वळसा घालून गेला. लई चालला. पुन्यांदा तेच झाड, तीच मोडकी फांदी. चकवा लागला व्हता त्याला. वाट गोल फिरवत व्हती. आन् तिकडं माझ्या मांडीवर पोरगी निळी पडत चाललेली. मी तिला उघड्या छातीशी धरून बसलेली, पन मीच भिजलेली, माझ्या अंगात कुठली ऊब?

मग नवशाला चिमाचा आवाज आला. झाडामागनं. अगदी तिचाच. "दादा, आता नगं येऊस. पोरगी गेली."

नवशा मटकन खाली बसला. आन् बसल्या जागी त्याला असा राग आला, असा राग आला, का भीती कुठल्या कुठं पळाली. भुताला शिव्या घातल्या का भूत पळतं म्हनत्यात. नवशानं ठेवनीतल्या काढल्या. त्या मी सांगत नाय, पोरी बसल्यात हितं. भुताच्या आईबापापासनं सुरवात केली.

पन हे भूत पळालं नाय. कारन काय सांगू? राग त्यालाबी आलेला. आन् त्याचा राग जुना व्हता. समदी खिंड गरजली. दगडं सुटली वरनं. त्या आवाजात एकच शब्द, विस्तव, विस्तव, विस्तव.

"थांब, तुझं तोंडच बघतो," म्हनून नवशानं कांडी काढली. पट्टी खरवडली. खर्रर्र. ठिनग्या उडाल्या, पापनी लवायच्या आत विझल्या. पन तेवढ्यात दिसला. झाडाखाली एक मानूस, घोंगड्यावरनं पानी निथळतंय. फूऽ आली, पन ठिनगीला फुंकर काय करनार? ती आधीच विझलेली, आन् दुसरी कांडीत तयार. नवशानं पुन्यांदा खरवडली. मानूस जवळ आल्याला. पुन्यांदा खरवडली. आनखी जवळ. अंधारात पावलाचा आवाज नाय, काय नाय, निसतं प्रत्येक ठिनगीला त्यो जवळ. मग एकदा खरवडली तर त्याचं तोंड नवशाच्या तोंडासमोर. व्हट काळंनिळं. डोळ्यांत पानी का पाऊस ते कळंना. आन् दोन्ही हातांत पोटाशी धरल्यालं एक खापर. खापरात पानी, आन् पान्यात तरंगत असल्यालं विझलेलं कोळसं.

ते खापर बघितलं आन् नवशाचा हात थांबला. त्याच्या आईनं सांगितलेलं त्याला आठवलं. आपल्या वाडीतल्या देवजीला मागच्या काळात असंच वाळीत टाकलं व्हतं. बायकू बाळंत झालेली, चूल विझलेली, दारोदार फिरला, एकानं विस्तव दिला नाय. मग खिंड वलांडून मोरदऱ्यातनं खापरात निखारं आनत व्हता. ऐन खिंडीत पावसानं निखारं विझवलं. देवजी परत फिरला नाय, घरीबी गेला नाय. तिथंच गारठून मेला. तिकडं घरात मायलेकरू मेलं. आन् वाडीनं काय केलं? खिंडीत भूत हाय म्हनून आवई उठवली. स्वताच्या पापाला भूत म्हनलं आन् मोकळं झालं.

नवशा हळूच म्हनला, "देवजीबाबा, विस्तव कुनासाठी मागतूस?"

अंधारातनं आवाज आला, "बाळंतीन गारठलीया. वाडीत कुनी दिना."

चिमाचंच गाऱ्हानं. नवशाचा राग गेला असं समजू नका. राग तेवढाच ऱ्हायला, निसतं त्या रागाचं तोंड वाडीकडं फिरलं. त्यो म्हनला, "बस बाबा. देतो."

एवढुसा कापूस. त्यो चिमाच्या चुलीसाठी राखल्याला. हितं खर्चला तर तिथं काय? पन नवशानं इचार केला नाय. कपारीत सरकला. वल्ली फांदी कोयत्यानं उभी चिरली. फांदी वरनं कितीबी भिजू दे, आतला गाभा कोरडा असतो. गाभ्याच्या पातळ ढलप्या काढल्या. देवजीच्या हातातनं खापर घेतलं, कोळसं बाजूला काढलं, पानी वतून दिलं, घोंगड्याच्या आतल्या पदरानं ते पुसलं, तळाशी ढलप्या ठेवल्या, वर कापूस पिंजून ठेवला. मग पट्टी कापसाजवळ घट्ट धरली आन् कांडी मागं वढली. पट्टी हलवायची नसती, कांडी वढायची. न्हायतर समदं उधळतं. एकदा वढली, नाय धरलं. दुसऱ्यांदा वढली. कापसाच्या कडंला लाल टिपका उठला. पसरला. भप्पकन ज्योत झाली.

नवशा श्वास धरून बसला. फुंकर आलीच नाय. ढलप्या पेटल्या, त्यावर काटक्या, त्यावर जुनं कोळसं. रसरसून निखारं झालं. देवजीनं खापर उचललं आन् चालाय लागला. नवशा मागनं. वर धो धो पाऊस, आन् उघड्या खापरातलं निखारं लाल. आसनाचं झाड आलं, मागं पडलं, आन् पुन्यांदा आलं नाय. वाडीच्या शिवंवर आल्यावर नवशानं डोळ्यावरलं पानी पुसलं. बघतो तर पुढं कुनी नाय.

धावत घरात आला. मी दार उघडलं. चिमा बोलायच्या पल्याड गेलेली. पोरगी अजून व्हती, पन रडत नव्हती. नवशानं गोधडी फाडली, कापूस काढला, कांडी खरवडली. ठिनग्या पडल्या, पन कापूस गळत्या पान्यानं दमट झाल्याला, धरतोय कुठं? खरवडतोय, खरवडतोय. हात रक्ताळला त्याचा. "दिला की मी त्याला," म्हनून लहान पोरासारखा रडला.

तेवढ्यात उंबऱ्याबाहेर खापर ठेवल्याचा आवाज झाला. मी बघितलं. ह्या डोळ्यांनी. पागोळ्यांच्या धारंखाली खापर, काठोकाठ निखाऱ्यांनी भरल्यालं. पानी पडतंय आन् विझत नाय.

चूल पेटवली. शेगडी पेटवली. चिमाला शेक दिला, पोरीला धगीशी धरलं. कोंबडं आरवायच्या आत पोरगी रडली. काय रडली म्हनून सांगू, वाडी उठली.

उजाडलं तसं पंच दारात. आमच्या छपरावरनं धूर दिसल्याला त्यास्नी. शेवंतीच्या आज्यानं, व्हय गं शेवंते, तुझ्याच आज्यानं, काठी आपटून इचारलं, "हितं विस्तव कुनी दिला? नाव सांगा. त्योबी वाळीत."

नवशा बाहेर आला. हाताला चिंधी बांधल्याली. खापर आनून त्यानं पंचांच्या पायाशी ठेवलं. म्हनला, "देवजीनं दिला. जा खिंडीत, आन् टाका त्याला पुन्यांदा वाळीत."

पंच मागं सरलं. खापराकडं बघवंना कुनाला. दुसऱ्या दिसापासनं दुकानात आमाला काडीपेटी मिळाय लागली. पन माफी आजवर कुनी मागितली नाय, आन् मीबी इसरले नाय.

ती पोरगी म्हंजी माझी नात, पारू. ही काय हितं बसलीया तुमच्यात, शेंगा भाजतीया. तिच्याच हातानं खाताय.

ऐका आता शेवटचं. त्या खिंडीतनं पारू रातीबेरातीला जाती, तिला कोन काय करत नाय. तहानलेल्याला पानी देनाऱ्यानं खुशाल जावं. पन माझ्या तोंडावर ज्या घरांनी कडी घातली, त्या घरच्यांनी ती वाट धरू नये. देवजी अजून दारं वळखतो. मी कुनाचं नाव घेत नाय. घरी गेल्यावर आपापल्या म्हाताऱ्यांना इचारा, त्या रातीला आपलं दार उघडं व्हतं का?

आन् अशी माना खाली घालून बसू नका. सरका जवळ, थंडी हाय. माझ्या विस्तवावरनं मी कुनाला उठवत नसते.