रोहण्याच्या कपाशीतला शॉट

फवारणीचं विष चढून माणसं पडतात, आणि सिनेमावाल्यांना त्यात गोष्टच दिसत नाही. म्हणून आम्हीच रोहण्याला शूटिंगला गेलो. धुक्यात फुटलेली कपाशी, सगळं शेत ढगासारखं. मजुरीण झालेली वैशाली पाठीवर पंप घेऊन चालत आली आणि कोसळली. ‘कट’ ऐकल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, असं मी तिला बजावलं होतं. तेवढ्यात शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया धावत आल्या. तिला कापूस वेचायच्या चादरीत घालून, कोपरे धरून निघाल्या. ती पांढरी झोळी धुक्यात तरंगत चालली होती, आणि मी ‘कट’ म्हणायचंच विसरलो. मग पळत गाठलं. “मावशी, शूटिंग आहे हे.”

पुढची बाई थांबलीच नाही. “शूटिंग मंग करजो बापू. आधी हे टोक धर, पोरगी थंडी पडून राह्यली.”