गाडी हलवायची नाही!

...आणि वर मलाच बजावतात, 'काका, गाडी हलवायची नाही!' मला! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं घरोघर पार्सलं पोचवतोय, या गावातला रस्ता अन् रस्ता मला तोंडपाठ आहे, कुठल्या सोसायटीचं मागचं फाटक जरा उचलून ढकललं की उघडतं तेसुद्धा, आणि आमच्या ऑफिसातल्या प्लॅनिंगच्या बाई, वय माझ्या लेकीएवढं, मला नकाशा दाखवतात! म्हणे, खालची पार्सलं तुमची गाडी देईल, टेकडीवरची ड्रोन, आणि उरलेली बाहेरच्या कंपनीचे मोटारसायकलवाले. 'आणि काका, हे जमलं नाही, तर तुमची रोजच्या फेरीची लाईनही त्यांनाच जाईल.' माझी लाईन? अहो, बावीस वर्षं आहेत त्यात माझी!

पहिला दिवस. माझ्या गाडीच्या टपावरून ड्रोन उडाला भर्रकन, टेकडीवरच्या मास्तरीणबाईंचा चष्मा घेऊन. मान्य, मला ती टेकडी चढायला वीस मिनिटं लागतात आणि गुडघा दोन दिवस शिव्या घालतो. पण पार्सल सुटलं की माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो, त्याला मी काय करू? निघालो! पाच पार्सलं दिली, एकदम खूश, तेवढ्यात ऑफिसातून बाईंचा फोन.

'काका, ड्रोन परत आला?'

'कुठे?'

'तुमच्या टपावर!'

आता टप तर माझ्याबरोबर इकडे! ड्रोन बिचारा इमानदारीत पहिल्या जागी परतला, आणि तिथे कोण उभं? गाद्यांचा टेम्पो! बसला की हो गादीवर, ऐटीत! आणि टेम्पो निघाला हायवेला...

बाई रडकुंडीला. 'काका, माझी नोकरी जाईल हो!' म्हटलं, 'पोरी, रडू नकोस, रस्ता मला तोंडपाठ आहे.' फोनवर ड्रोनचा ठिपका पळतोय, मी शाळेच्या मागून, लाकडाच्या वखारीतून, आणि पेट्रोल पंपापाशी गाडी घातली आडवी! टेम्पोवाला किंचाळतो, 'मेलो असतो की!' म्हटलं, 'थांबा, आमचं पाखरू बसलंय तुमच्या गादीवर.'

बाई म्हणाल्या, 'कमाल केलीत काका! तुमच्या फोनवरून सगळ्या वाटा ऑफिसच्या मशीनने शिकून घेतल्या.' छाती फुगली हो माझी! आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटा, लाईनसकट, बाहेरच्यांना! मला काय? टेकडीखाली उभं राहायचं, ड्रोन परत येईस्तोवर. गाडी हलवायची नाही! वाईट वाटलं, खरं सांगतो, फार वाईट वाटलं. वर बायको म्हणते, 'अहो, नुसतं उभंच राहायचं तर घरी राहा, पडदे तरी लावून होतील.'

परवा असाच उभा होतो. एक मोटारसायकलवाला समोर येऊन थांबला, घामाघूम, हातात पार्सल. 'काका, हा पत्ता?' सांगितलं. डावी गल्ली, पिवळा जिना, बेल वाजत नाही, हाक मार. म्हटलं, 'का रे, तुझ्या मशीनला सगळं येतं ना?' त्याने फोन माझ्यापुढे धरला. नकाशावर टेकडीखाली एक गाडी काढलेली, आणि खाली लिहिलेलं...

'अडल्यास काकांना विचारा. ते तिथेच असतात.'