गेरेसोमु मातीला आला नाही

(पश्चिम युगांडातलं तळ्याकाठचं एक गाव. पाद्री योसामु आणि त्याची थोरली बहीण युनिया यांचं घर. दुपार.)

युनिया : नको, त्या खुर्चीवर नका बसू. आईच्या मातीला आलेल्या माणसांसाठी शेजारून मागून आणलेली आहे ती. तुम्ही काही मातीला आला नव्हतात.

गेरेसोमु : मग कुठे बसू, युनियाताई?

युनिया : बिशपसाहेबांना मी काय सांगणार? परवापासून अख्खा धर्मप्रांत तुमचा. डोंगर तुमचा, तळं तुमचं. बसा की कुठेही.

योसामु : ताई, बसू दे त्याला. उन्हातून आलाय.

युनिया : उन्हातून कुठला? काचा चढवलेल्या गाडीतून आलाय. तळ्याकाठच्या पोराटोरांनी बघितलंय.

गेरेसोमु : मी उभा राहतो. चालेल मला.

योसामु : बिशपसाहेब, बसा.

गेरेसोमु : तूसुद्धा? शाळेपासून मला अराली म्हणत आलास, योसामु. आज बिशपसाहेब?

योसामु : अराली हे लाडाचं नाव. ते आपोआप तोंडात यावं लागतं. आज येत नाहीये. काय करू?

गेरेसोमु : अजून दीक्षाविधी व्हायचाय. अजून मी साधा पाद्रीच आहे, तुझ्यासारखा. बरं, आधी आपण प्रार्थना करू या? आईंच्या आत्म्याला प्रभूने…

युनिया : थांबा. आधी बोला. प्रार्थनेच्या आड लपायचं नाही या घरात. काय म्हणून आलात?

गेरेसोमु : भेटायला. सांत्वनाला.

युनिया : आईला पुरून आठवडा झाला. मातीच्या जेवणासाठी मटोकेची कच्ची केळी सोलणाऱ्या बायकासुद्धा हात धुऊन आपापल्या घरी गेल्या. आज सांत्वन? आणि तेही योसामुला डावलून तुमची निवड जाहीर झाल्यावरच?

गेरेसोमु : आधी आलो असतो तर तुमचीच माणसं म्हणाली असती, मतांसाठी मेलेल्या बाईच्या दारात आला. आमची म्हणाली असती, तळ्याकडच्यांना विकला गेला. आमच्या डोंगरावरचा पुढारी, कातेरेगा म्हातारा, तर माझ्या फाटकातच…

युनिया : कातेरेगाला माझी आई कोण होती? काही नाही. तुझी कोण होती ते सांग! तुमच्या डोंगरावर धड शाळा नव्हती म्हणून तुझ्या बापाने तुला इथे आणून सोडलं. गुडघ्यापर्यंत चिखल, नाकात शेंबूड. कुणी धुतला? बायबल वाचायला कुणी शिकवलं? स्तोत्र पाठ झालं नाही की योसामुच्या पाठीत रट्टा बसायचा, तुझ्या नाही. परक्याचं लेकरू म्हणायची.

गेरेसोमु : आठवतंय, ताई.

युनिया : आठवतंय म्हणे!

योसामु : ताई, जरा हळू. गेरेसोमु, तुला दुसरंही काही बोलायचंय ना? मघापासून गळपट्टीशी चाळा करतोयस. शाळेत फळ्यापाशी बोलावलं की असाच करायचास.

गेरेसोमु : नाही… म्हणजे… आज नको.

योसामु : आजच बोल. परत येशील न येशील.

गेरेसोमु : निवडीच्या रागाने लोकांनी तळ्याकडच्या सगळ्या चर्चना कुलपं लावलीत. रविवारी लोक अंगणात बसून गाणी म्हणतात, आणि डोंगराकडचा पाद्री दिसला की उठून जातात. वेगळा धर्मप्रांत मागायचा म्हणतायत. काल कंपालाहून, वरच्या बिशपांकडून, फोन होता. दीक्षाविधीला योसामु माझ्या शेजारी उभा राहिला तर कुलपं निघतील, म्हणाले. त्याला जाऊन भेटा, म्हणाले.

युनिया : म्हणजे पाठवलाय तुला.

गेरेसोमु : मला यायचंच होतं…

युनिया : पाठवलाय! ऐकलंस, योसामु? आई मेली म्हणून नाही आला हा. कुलपं लागली म्हणून आलाय.

गेरेसोमु : हो.

योसामु : काय?

गेरेसोमु : हो म्हटलं. ताई बरोबर बोलतेय. वाटभर मी स्वतःला सांगत होतो की सांत्वनाला चाललोय. तुमचं फाटक दिसलं तेव्हा मनात पहिलं काय आलं असेल? योसामु नाही म्हणाला तर काय? आईंची आठवण त्यानंतर आली.

युनिया : निदान हे तरी खरं बोललास.

गेरेसोमु : मातीच्या दिवशी मी काळा झगा घालून तयार होतो. गाडीतही बसलो होतो. फाटकात कातेरेगा आणि त्याची माणसं उभी. त्यांनी अडवलं नाही हं मला, नुसतं बघितलं. मी गाडी मागे घेतली. एडिसाला सांगितलं, इंजिन बिघडलंय.

युनिया : बायकोला खोटं सांगितलंस.

गेरेसोमु : हो. ती म्हणाली, मग मी जरा मावशीकडे जाऊन येते. संध्याकाळी परत आली. त्या विषयावर एक शब्द बोलली नाही.

युनिया : मावशीकडे?

गेरेसोमु : हो. का?

योसामु : ताई, नको.

युनिया : का नको? त्याला कळू दे. गेरेसोमु, एडिसा इथे होती.

गेरेसोमु : इथे? मातीला?

युनिया : बोडा-बोडावर बसून आली, मोटरसायकलवाल्याच्या मागे, धुळीने नखशिखान्त लाल झालेली. सणासुदीचा पायघोळ झगा, चांगली गोमेसी, घातली असती तर तुला संशय आला असता म्हणून घरातलेच कपडे अंगावर. आली ती थेट मागे, चुलीपाशी. तुमच्या डोंगराकडची ती एकटीच बाई. आमच्या बायका आधी तिच्याशी बोलेनात. ती गप सुरी घेऊन मटोके सोलत बसली.

गेरेसोमु : मला नाही सांगितलं तिने…

युनिया : पुढचं ऐक. कंपालाहून आलेले पाहुणे प्रवचन करून निघून गेले. शेवटची माती द्यायची वेळ आली. मी तिला विचारलं, तुझा नवरा कुठाय? म्हणाली, ‘गाडी बिघडलीय, ताई. चालत निघालेत. येतील एवढ्यात.’

गेरेसोमु : असं म्हणाली?

युनिया : डोंगरावरून चालत! मान खाली घालून बोलत होती. मला कळत होतं, ही खोटं बोलतेय. नवऱ्याची लाज झाकतेय. तरी मी थांबवलं सगळ्यांना. म्हटलं, आईने याला लेकराच्या जागी मानलं, मूठभर माती याची पडू दे. लोक कुरकुरायला लागले. ऊन डोक्यावर. शवपेटी खड्ड्याच्या काठावर ठेवलेली. आणि मी आपली रस्त्याकडे बघतेय.

गेरेसोमु : ताई, पुरे.

युनिया : शेवटी एडिसाच माझ्यापाशी आली. म्हणाली, ‘आता नका थांबू.’ बास, एवढंच. मग योसामुने स्वतः प्रार्थना म्हटली आणि स्वतःच्या आईवर स्वतः माती लोटली. दुसरा पाद्री नव्हता. तुम्ही डोंगरवाल्यांनी आपसात ठरवलं होतं ना, कुणी जायचं नाही?

गेरेसोमु : ठरवलं नव्हतं. कुणी काही बोललंच नाही. मीही बोललो नाही.

युनिया : तेच ते.

गेरेसोमु : आठवडाभर ती मला जेवायला वाढतेय. कॉफीला यंदा फूल चांगलं धरलंय, एवढंच बोलते. मी समजत होतो, निवडीच्या ताणामुळे गप्प आहे. ती माझ्याकडे बघून… देवा! योसामु, मी माघार घेतो. आत्ता कंपालाला फोन करतो. मला नको हे पद. तू हो बिशप. तुझाच मान आहे.

योसामु : मोबाईल खिशात ठेव.

गेरेसोमु : मनापासून बोलतोय मी.

योसामु : म्हणूनच सांगतोय, ठेव. तू माघार घेतलीस तर काय होईल? तळ्याकाठी ढोल वाजतील. डोंगरावर कुलपं लागतील. आणि तू? तू मोठा माणूस होशील. गेरेसोमुने केवढा त्याग केला म्हणून लोक पाया पडतील. इतक्या स्वस्तात सुटायचं नाही. मिळालंय ना पद? मग त्या खुर्चीत ही लाज घेऊन बस.

गेरेसोमु : तू माझ्या जागी असतास तर असं वागला नसतास. म्हणून बोलू शकतोस.

योसामु : मी?

गेरेसोमु : हो. तुझे हात स्वच्छ आहेत.

योसामु : ताई, तू जरा चुलीकडे बघ. नाचणी लागेल खाली.

युनिया : भांडं कधीच उतरवलंय. मला का घालवतोयस?

योसामु : बरं. मग ऐक तूही. कधीतरी सांगावंच लागणार होतं. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीच तिला माती द्यायची, असं तू म्हणत होतीस. मी म्हटलं, एक दिवस थांबू, लांबचे नातेवाईक यायचेत.

युनिया : हो. कासेसेचा मामा यायचा होता.

योसामु : मामा त्याच रात्री आला होता, ताई. तू त्याला जेवायला वाढलंस.

युनिया : मग?

योसामु : कंपालाहून बिशप यायचे होते. निवड त्यांच्या हातात. ते एक दिवस उशिरा पोचणार, असा निरोप होता. आमची माणसं म्हणाली, थांबव माती. ट्रक काढू, होड्या पाठवू, सगळा तळ्याकाठ गोळा करू. योसामुच्या मागे केवढी माणसं आहेत ते पाहुण्यांना एकदा दिसू दे. मी हो म्हणालो.

गेरेसोमु : योसामु…

योसामु : या उकाड्यात आईला आणखी एक दिवस ठेवलं मी. तू उशापाशी बसून माशा वारत होतीस, ताई, आणि मी फाटकात उभा राहून किती होड्या लागल्या ते बघत होतो.

युनिया : मला म्हणालास, आईचा केवढा मान आहे बघ.

योसामु : म्हणालो.

युनिया : मी गावभर तेच सांगत फिरले. आईच्या मातीला एवढी गर्दी, एवढी गर्दी.

योसामु : ताई, मारायचं तर मार.

युनिया : तुला मारून काय करू? म्हणजे माझ्या आईला तुम्ही दोघांनीही ताटकळत ठेवलं. एकाने आदल्या दिवशी, एकाने दुसऱ्या दिवशी. आणि दोघंही गळ्यात पांढरी पट्टी बांधणारे.

योसामु : अराली, बस. त्याच खुर्चीवर बस. मलाही त्यावर बसायचा हक्क नाही, तरी मी रोज बसतोच आहे.

युनिया : बाहेर कसला गलका?

योसामु : बघतो. अरे, सगळा बाजार आलाय. रस्त्यावर केळीचे बुंधे आडवे टाकलेत. गाडी जाऊ द्यायची नाही म्हणतायत. ड्रायव्हरला खाली उतरवलंय.

गेरेसोमु : मारतायत त्याला?

योसामु : नाही. नुसतं घेरलंय. मी जातो, समजावतो. माझं ऐकतील.

युनिया : तू काय सांगणार त्यांना?

योसामु : सांगतो, आईच्या शोकासाठी आलाय. शोकाच्या घरात दंगा नको.

युनिया : परत खोटं? एक एडिसाने सांगितलं, एक तू सांगणार. याच्यासाठी आणखी किती जणांनी खोटं बोलायचं?

गेरेसोमु : ताई बरोबर आहे. मी जातो.

योसामु : वेडा आहेस का? तुला बघून दगड उचलतील.

गेरेसोमु : उचलू देत. दार उघड.

युनिया : उघडते मी. पण पायरीवरूनच बोल. खाली उतरू नकोस.

गेरेसोमु : मंडळी… ऐका. त्या ड्रायव्हरला सोडा, तो माझ्या सांगण्यावरून आलाय. मला ओळखता तुम्ही. तुमच्यातल्या पुष्कळांबरोबर मी शाळेत होतो. या घरातल्या आईने मला वाढवलं, आणि मी तिच्या मातीला आलो नाही. मला यायचं होतं पण येता आलं नाही, असं सांगायचं मनात होतं. ते खरं नाही. यायचं असतं तर आलो असतो. कुणी धरलं नव्हतं मला. मी माझ्याच लोकांना भ्यालो. आजसुद्धा योसामुकडे मदत मागायला आलो होतो. आता मागत नाही. कुलपं काढा म्हणून सांगायला माझं तोंड नाही. मला थडग्यापाशी जायचंय. जाऊ देणार नसाल तर इथेच थांबतो. एवढंच.

योसामु : दगड कुणी उचलला नाही, ताई.

युनिया : दिसतंय.

योसामु : पण वाटही देत नाहीयेत.

युनिया : देतील. आज नाहीतर उद्या. गेरेसोमु, पायरीवर खाली बस, उभा राहू नकोस. योसामु, तूही जा, बस त्याच्या शेजारी. मी ताट बाहेरच आणते.