जैतूनचं नाव

(नेपाळच्या डोंगरातलं एक गाव. राजाला गादीवरून उतरवल्याला एक पावसाळाही उलटलेला नाही. तीज, बायकांचा हरतालिकेसारखा सण, उद्यावर आलीय. मुखियांच्या ओसरीवर त्यांची बायको तुलसा बांगड्या भरून घेते आहे; गावात तिला मानाने ‘बज्यै’, म्हणजे ब्राह्मणाघरची आजी, म्हणतात आणि मुखियांना ‘बाजे’. बांगड्या भरणारी जैतून चुरौटे, म्हणजे पिढीजात बांगड्या विकणाऱ्या मुसलमानांच्या वस्तीतली.)

जैतून : हात सैल सोडा, बज्यै. लाकडासारखा धरलात तर काच फुटेल.

तुलसा : फुटू दे. पाणी समितीतून नाव मागे घेतेस की नाही, ते सांग आधी.

जैतून : नाही घेत.

तुलसा : अगं, तुमच्यातलं कुणीच नको असं कुठे म्हणतोय आम्ही? तुझा दीर बसू दे. नवरा कतारला आणि तू बैठकीला, बरं दिसतं का?

जैतून : दीर मान डोलावतो, म्हणून तो हवाय मुखियाबाजेंना. वस्तीने माझं नाव दिलंय. दिरानेही माझंच दिलं.

तुलसा : वस्तीचं काय जातंय! समितीवर आलीस की टाकी धुवायची, तोटी बदलायची. तुमच्या हातचं पाणी गावात कुणी पीत नाही, हे मी का सांगायला हवं तुला?

जैतून : आणि बांगड्या?

तुलसा : त्यांचं वेगळं.

जैतून : तुमचा लग्नाचा चुडा माझ्या सासूने भरला, तुमच्या सुनेचा मी. हात धरलेला चालतो, त्याच हाताने घागर नळाखाली धरली की विटाळ. अजून आम्ही लांब उभ्या राहतो, कुणी ओतेल का म्हणून.

तुलसा : मी ओतते की. कधी नाही म्हटलंय?

जैतून : नाही म्हटलं नाहीत. पण तुम्ही माहेरी गेलात की आमच्या घरी डाळ शिजत नाही.

तुलसा : हे फार चिडलेत. पुढच्या तीजेला चुडेवाला दुसऱ्या गावाहून आणू म्हणत होते.

जैतून : आणा. तोही आमच्यातलाच निघेल.

तुलसा : तोंड फार चालायला लागलंय तुझं.

जैतून : सासूने गप्प राहून बघितलं, काही झालं नाही. देश आता कुठल्या एका धर्माचा नाही, असं रेडिओवर सांगतात. परवा पारावर समिती निवडायला हात वर करतील तेव्हा कळेल मला, खरं की खोटं.

तुलसा : हे समोर असणार गं. माझा हात वर नाही व्हायचा. पण ‘विरोधात कोण’ म्हणतील तेव्हाही तो मांडीवरच राहील. एवढंच जमेल.

जैतून : राग नाही माझा. तुम्हाला याच घरात राहायचंय.

तुलसा : आणि पडलीस तर?

जैतून : पडले तरी दुसऱ्या दिवशी घागर घेऊन येणार आणि माझ्या हाताने नळ सोडणार. भीती वाटते, नाही असं नाही. तुम्ही तिथे असलात तर बरं वाटेल.

तुलसा : मग अंधारात नको येऊस. सगळ्याजणी नळावर असतात तेव्हा ये, मीही असेन.