सात वाजताची आंघोळ

शिक्षिकाबाई ठणकत्या दाढेवर रुमाल धरून दवाखान्यात बसल्या होत्या. शेजारच्या जोडप्यातल्या नवऱ्याच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"उद्या हॉटेलच्या मालकांना काय दाखवणार?" बायकोने विचारलं.

"तीच तर पंचाईत आहे. इंजिन वीज तयार करणार आणि त्याच्याच उष्णतेवर आंघोळीचं पाणी तापणार. पण प्रोग्रॅम म्हणतो, एवढ्याशा हॉटेलला जहाजाचं इंजिन लागेल."

"बघू. अहो, सगळे पाहुणे सातला एकदम आंघोळीला कसे?"

"हॉटेलचे आकडे मिळाले नाहीत. घरी पाणी मोजलं होतं, तेच भरले."

"घरी कधी मोजलंत?"

"तुझ्या माहेरची मंडळी राहायला आली होती तेव्हा."

बाईंचा रुमाल दाढेवरून तोंडावर आला.

"आमच्याकडे लवकर आवरायची सवय आहे सगळ्यांना. बरं, थोडे पाहुणे सहाला घाला, थोडे रात्री, आणि आळशी दहाला."

"थांब हं. अगं, इंजिन निम्म्यावर आलं. आणि सकाळपुरतं नाही, दिवसभर चालतंय."

"झालं तर मग. पण घरच्या आकड्यांत तुमची आंघोळ कितीला होती?"

"माझी नव्हतीच. माझ्यापर्यंत गरम पाणी आलं कुठे?"