काळ्या कुईचे ठोके

युदिथ : मिनिटाला अडीचशे ठोके, आजी. दवाखान्यातल्या नकाशावर वेन्सेस्लाओ आजोबांचा ठिपका लालभडक झाला, म्हणून तीन तास डोंगर चढून आले. आणि तुम्ही बटाटे सोलत बसलाय.

हेर्मेलिंदा : मग काय मांडी घालून रडत बसू, तुझी चढण फुकट जाऊ नये म्हणून?

युदिथ : आजोबा कुठं आहेत?

हेर्मेलिंदा : वर कुरणात. अल्पाका चरायला घेऊन गेलाय म्हातारा.

युदिथ : त्यांच्या मनगटाचा पट्टा मात्र घरातच आहे. चुलीमागं दाखवतंय.

हेर्मेलिंदा : असेल.

युदिथ : तिथं तर तुमच्या कुया आहेत.

हेर्मेलिंदा : त्या काळीच्या पोटाला बांधलाय. हळू, चावते ती.

युदिथ : कुईला? गिनीपिगला? आजी, आजार कळावा म्हणून माणसाला बांधायला दिला होता तो.

हेर्मेलिंदा : आजार कुईलाच आधी कळतो. तुझी सख्खी आजी जेनोवेवा अख्ख्या गावाच्या अंगावरून कुई फिरवायची, मग ती कापून कुठं डाग पडलाय ते बघायची. चार बुकं शिकलीस आणि हे विसरलीस?

युदिथ : विसरले नाही. मागच्या खोलीत कोण आहे?

हेर्मेलिंदा : कोणी नाही.

युदिथ : खांबावर फोनची नवी पेटी बसवली ना, ती नुसतं बोलणं नेत नाही. तिच्या लहरी भिंतीतून जातात. आत कुणाची छाती वरखाली झाली की तेवढं तिला कळतं. मागच्या खोलीत कुणीतरी मिनिटाला चौतीस श्वास घेतंय, नेहमीच्या दुप्पट.

हेर्मेलिंदा : नवराबायकोच्या खोलीत डोकावते होय ती?

युदिथ : तोंड दिसत नाही तिला. नुसता श्वास.

हेर्मेलिंदा : तेवढं पुष्कळ झालं.

युदिथ : खालच्या तीन घरांत हेच चाललंय. साथ आहे. कुठवर आली ते वेळेत कळलं तर पुढची घरं वाचतात. आणि तुम्ही कुई पुढं केलीत.

हेर्मेलिंदा : चांगली धडधाकट बघून निवडली होती. धडधाकट जनावराला अडीचशे ठोके असतात हे मला काय ठाऊक. नाहीतर तुला कळलंही नसतं.

युदिथ : आणि आजोबांच्या अंगावरून फिरवली ती?

हेर्मेलिंदा : ती कापली. परवा. फुप्फुसं निळी पडली होती.

युदिथ : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

हेर्मेलिंदा : तुझ्या पेटीच्या दोन दिवस आधी.

युदिथ : मग लपवलंत का? त्यांना प्राणवायू लागेल. तो इथं नाही, शहरात आहे.

हेर्मेलिंदा : ठिपका लाल झाला की माणूस शहरात जातो. माझी बहीण फाउस्तिना गेली. मला तिथल्या दवाखान्याच्या दारातच अडवलं. ती वारल्याचं मला चार दिवसांनी कळलं. चार दिवस मी तिच्या शालीसाठी लोकर कातत होते.

युदिथ : तेव्हा ही पेटी नव्हती. आता तिथल्या प्रत्येक खाटेवर आहे. आजोबांचा श्वास तुमच्या फोनवर येईल. आकडा दिसेल.

हेर्मेलिंदा : आकडे मला वाचता येत नाहीत.

युदिथ : वाचायला नको. फोन मुठीत धरायचा. तिथं एक श्वास, इथं एक थरथर. धरा. हा आत्ताचा, मागच्या खोलीतला.

(हेर्मेलिंदा हात घागऱ्याला पुसून फोन घेते.)

हेर्मेलिंदा : कुई धरल्यासारखं लागतंय.

युदिथ : तिथून थेट इथं येईल. मध्ये कुणाला विचारायला नको.

हेर्मेलिंदा : आणि थांबला तर?

युदिथ : तर तुम्हाला त्याच वेळी कळेल.

हेर्मेलिंदा : गप्प बस जरा. मिनिट झालं की सांग.

युदिथ : कशाला?

हेर्मेलिंदा : वाचता येत नाही, मोजता येतं. जन्मभर मेंढ्या मोजल्यात.

युदिथ : झालं, आजी. मिनिट झालं.

हेर्मेलिंदा : चौतीस म्हणालीस ना?

युदिथ : मी निघाले तेव्हा चौतीस होते.

हेर्मेलिंदा : आता अडतीस आहेत. ते खुंटीवरचं जाड घोंगडं काढ. खाली थंडी नसते म्हणतात, पण त्याला लागेल.